जुन्या डबा टीव्हीवर रुंद चित्र नीट कसं बसवायचं

पिक्चर ट्यूबचा जुना टीव्ही अजून सुरू होत असेल तर तो भंगारात घालायची घाई करू नका. आजचे चॅनल, कपाटातल्या डीव्हीडी, लॅपटॉपमधले सिनेमे, सगळं त्याच्यावर बघता येतं, आणि चांगलं बघता येतं. अडचण येते ती आकाराची. कधी माणसं उंच आणि किडकिडीत दिसतात. कधी कडेला उभा असलेला माणूस अर्धाच दिसतो. कधी वरखाली काळ्या पट्ट्या येतात आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘टीव्ही बिघडला वाटतं.’ तिन्ही वेळा टीव्ही धडधाकट असतो. रुंद चित्र चौकोनी काचेवर बसवताना कुठल्यातरी यंत्रानं काहीतरी निर्णय घेतलेला असतो, एवढंच. तो निर्णय कोण घेतं आणि तो आपल्याला हवा तसा कसा बदलायचा, हे एकदा कळलं की दहा-पंधरा मिनिटांत काम होतं.

आधीच सांगून टाकतो: या तिघांपैकी काळ्या पट्ट्यांचं चित्रच बहुतेक वेळा बरोबर असतं. असं का, ते पुढे येईलच.

आधी मापं समजून घ्या

जुन्या टीव्हीची काच पूर्ण चौरस नसते. तिची रुंदी ४ भाग आणि उंची ३ भाग असते, म्हणून तिला ४:३ म्हणतात. हे माप टीव्हीवाल्यांनी शोधलेलं नाही, ते सिनेमाकडून आलं. १८९० च्या दशकात एडिसनच्या प्रयोगशाळेत विल्यम डिक्सन यांनी ३५ मिलिमीटर फिल्मवर एका चित्राला फिल्मच्या कडेच्या चार छिद्रांएवढी जागा दिली आणि त्यातून हा आकार ठरला. बोलपट आल्यावर ध्वनीच्या पट्टीसाठी जागा काढताना तो किंचित बदलून १.३७ झाला, पण फरक डोळ्याला कळण्यासारखा नाही. म्हणून प्रभातच्या काळातले बोलपट डबा टीव्हीवर जवळजवळ काठोकाठ बसतात.

पुढे टीव्ही घरोघर जायला लागला तसा सिनेमा मुद्दाम रुंद झाला. १९५३ मध्ये अमेरिकेत सिनेमास्कोप आलं, भारतात पहिला सिनेमास्कोप चित्रपट ‘कागज के फूल’ १९५९ चा. या चित्रांची रुंदी उंचीच्या जवळपास २.३५ पट असते. आजचे टीव्ही, मोबाइल आणि चॅनल वापरतात ते १६:९, म्हणजे १.७८ पट. हा आकडा १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या कर्न्स पॉवर्स या अभियंत्यानं सुचवला. सगळ्या प्रचलित आकारांचे सारख्या क्षेत्रफळाचे आयत काढून एकमेकांवर ठेवले, तर ते सगळे ज्या आयतात मावतात तो १६:९ चा निघतो, आणि ते सगळे एकमेकांना झाकतात तो मधला भागही १६:९ चाच निघतो. फार सुंदर तोडगा आहे हा. कुठलाच आकार पूर्ण खूश नाही, पण कुणाचंच फार नुकसान नाही.

आता हे सेंटिमीटरमध्ये बघू, कारण पट्टी घेऊन मोजल्याशिवाय हे पटत नाही. २१ इंची डबा टीव्हीत दिसणारी काच तिरकी साधारण ५१ सेंटिमीटर भरते. म्हणजे रुंदी ४१ आणि उंची साडेतीस. त्यावर १६:९ चं अख्खं चित्र बसवायचं तर रुंदी ४१ च राहणार, उंची मात्र २३ होणार. उरलेल्या साडेसात सेंटिमीटरची निम्मी वर, निम्मी खाली, अशा पावणेचार-पावणेचार सेंटिमीटरच्या काळ्या पट्ट्या येतात. सिनेमास्कोप चित्र असेल तर उंची साडेसतराच्या आसपास उतरते आणि प्रत्येक पट्टी साडेसहा सेंटिमीटरची होते. २९ इंची टीव्हीवर १६:९ चं चित्र साडेतीस सेंटिमीटर उंच येतं, म्हणजे २१ इंची टीव्हीच्या पूर्ण काचेएवढं. पट्ट्या आल्या की चित्र बारीक वाटतं हे खरंच आहे. त्याचा उपाय म्हणजे खुर्ची थोडी पुढे सरकवणं. चित्र ताणणं नव्हे.

टीव्हीपुढे असलेले चार मार्ग

पहिला मार्ग दाबण्याचा. १६:९ चं चित्र दोन्ही बाजूंनी आत दाबून ४:३ मध्ये कोंबायचं. काच पूर्ण भरते, काहीही कापलं जात नाही, पण प्रत्येक गोष्ट तिच्या रुंदीच्या मानानं ३३ टक्के उंच दिसते. चेंडू अंड्यासारखा होतो आणि गुबगुबीत बाळ हडकुळं दिसतं. डोळ्यांना दोन दिवसांत याची सवय होते, म्हणूनच हा मार्ग धोक्याचा. अनेक घरांत वर्षानुवर्षं असंच चित्र चालू असतं.

दुसरा मार्ग कापण्याचा. उंची पूर्ण घ्यायची आणि डावी-उजवी बाजू काचेबाहेर जाऊ द्यायची. १६:९ च्या चित्राचा प्रत्येक बाजूनं साडेबारा टक्के, म्हणजे एकूण चौथा हिस्सा जातो. सिनेमास्कोपचा तर ४३ टक्के. व्हिडिओ कॅसेटच्या जमान्यात सिनेमे असेच यायचे. स्टुडिओतला तंत्रज्ञ प्रत्येक दृश्यात चौकट डावीकडे-उजवीकडे सरकवत महत्त्वाचं ते आत घ्यायचा. त्याला पॅन-स्कॅन म्हणतात. तो माणूस कितीही जाणकार असला तरी पडद्याच्या दोन टोकांना उभी असलेली दोन पात्रं एकदम आत घेणं त्याला शक्यच नव्हतं. एक बोलतं आणि दुसऱ्याचा चेहरा दिसतच नाही, किंवा दिग्दर्शकानं न घेतलेला कट मध्येच पडतो. समूहनृत्यात कडेच्या दोन रांगा गायब होतात. आजचे सेट-टॉप बॉक्स तर एवढंही करत नाहीत, ते डोळे झाकून मधला भाग तेवढा घेतात. क्रिकेट बघताना कोपऱ्यातली धावसंख्या कापली जाते ती यामुळेच.

तिसरा मार्ग काळ्या पट्ट्यांचा, लेटरबॉक्स. सगळं चित्र दिसतं, आकार बरोबर राहतो, किंमत फक्त चित्र लहान होण्याची आणि थोड्या बारकाव्याची. भारतातल्या टीव्हीवर चित्र ५७६ आडव्या रेषांनी रंगतं. पट्ट्या आल्या की १६:९ च्या चित्राला त्यातल्या ४३२ च मिळतात, वरच्या ७२ आणि खालच्या ७२ काळ्या राहतात. सिनेमास्कोपला सव्वातीनशेच्या आसपास. माझं मत स्पष्ट आहे: नवख्या माणसानं हाच मार्ग धरावा. कॅमेऱ्यामागच्या माणसानं चौकटीत कोण कुठे उभं राहील याचा विचार केलेला असतो, तो आपल्यापर्यंत जसाच्या तसा पोचण्याचा हा एकच रस्ता आहे.

चौथा मार्ग मधला, १४:९ चा. दोन्ही बाजूंचं थोडं कापायचं, वरखाली बारीक पट्ट्या ठेवायच्या. ब्रिटनमध्ये बीबीसीनं रुंद चित्राकडे जाताना जुन्या टीव्हीवाल्यांसाठी हा बराच वापरला. रुंदीचा साडेबारा टक्के भाग जातो आणि पट्ट्या अरुंद होतात. आपल्याकडच्या फार थोड्या यंत्रांत ही सोय आहे, असेल तर बातम्यांसाठी वापरून बघायला हरकत नाही.

पहिली पायरी: गोल गोष्ट शोधा आणि मोजा

अंदाजानं काही करू नका. टीव्हीवर जी गोष्ट खरोखर गोल आहे अशी एक शोधा. भिंतीवरचं घड्याळ समोरून दाखवलेलं, गोल आकाराचं एखादं चिन्ह, गाडीचं चाक बाजूनं. लॅपटॉप जोडला असेल तर चित्र काढायच्या साध्या प्रोग्रॅममध्ये एक वर्तुळ काढा आणि ते पूर्ण पडद्यावर घ्या. आता शिवणकामाची टेप घेऊन काचेवर त्याची रुंदी आणि उंची मोजा.

दोन्ही सारखी असतील तर आकार बरोबर आहे. उंची सव्वापट किंवा त्याहून जास्त असेल तर चित्र दाबलं जातंय. रुंदी जास्त असेल तर उलट चूक आहे, कुणीतरी ते आडवं ताणतंय. ट्यूबच्या टीव्हीत कडेला आकार थोडा वाकडा होतोच, म्हणून मोजमाप काचेच्या मध्यावर घ्यायचं. पाच टक्क्यांचा फरक सोडून द्या.

वर्तुळ गोल आहे, पण चॅनलचं चिन्ह किंवा धावती पट्टी दोन्ही बाजूंनी कापली जातेय? मग कापण्याचा मार्ग चालू आहे. वर्तुळ गोल, कडा शाबूत आणि वरखाली काळं? मग काहीही करायची गरज नाही.

दुसरी पायरी: आकार कोण बदलतंय ते ओळखा

चित्र तुमच्यापर्यंत येताना किमान दोन, कधी तीन-चार यंत्रांतून येतं: मूळ फाइल किंवा चॅनल, मग प्लेअर किंवा सेट-टॉप बॉक्स, मग कदाचित कन्व्हर्टर (एका जोडणीचं चित्र दुसऱ्या जोडणीला चालेल असं करणारी डबी), शेवटी टीव्ही. यातल्या प्रत्येकाला आकार बदलता येतो. सगळ्या गोंधळाचं मूळ इथेच आहे. दोन यंत्रांनी एकाच वेळी काम केलं की चित्राच्या चारही बाजूंना काळं येतं आणि मध्ये पोस्टाच्या तिकिटाएवढं चित्र उरतं. एकानंही केलं नाही तर चित्र दाबलेलं येतं. म्हणून नियम असा, की आकार बदलण्याचं काम एकाच यंत्राकडे द्यायचं आणि बाकीच्यांना गप्प बसवायचं. शक्यतो हे काम टीव्हीच्या आधीच्या यंत्राकडे द्यावं, कारण त्याच्याकडेच खरी माहिती असते.

ही माहिती म्हणजे काय, हे समजून घेण्यासारखं आहे. डीव्हीडीवरचं किंवा साध्या चॅनलवरचं चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं असतं. गंमत अशी, की ४:३ चा कार्यक्रम असो की १६:९ चा, ठिपके तेवढेच. रुंद चित्र साठवतानाच आत दाबून ठेवलेलं असतं, आणि सोबत एक खूण असते: ‘मला १६:९ मध्ये उलगडा.’ प्लेअर ती खूण वाचतो. डबा टीव्हीला ती सहसा वाचता येत नाही, समोर येईल ते तो पूर्ण काचेवर पसरतो. त्यामुळे प्लेअरला जर चुकीचं सांगितलेलं असेल, की समोर रुंद टीव्ही आहे, तर तो दाबलेलं चित्र तसंच पुढे ढकलतो. माणसं किडकिडीत दिसण्याचं कारण दहातल्या नऊ वेळा हेच असतं.

तिसरी पायरी: डीव्हीडी प्लेअर

डिस्क काढून घ्या, मग रिमोटवरचं सेटअप दाबा. चालू डिस्क असताना काही प्लेअर हा मेन्यू उघडू देत नाहीत. आत टीव्ही टाइप, टीव्ही डिस्प्ले किंवा टीव्ही शेप अशा नावाची ओळ असते. तिच्यात तीन पर्याय सापडतात: ४:३ एलबी, ४:३ पीएस आणि १६:९. एलबी म्हणजे लेटरबॉक्स, पीएस म्हणजे पॅन-स्कॅन. डबा टीव्हीसाठी ४:३ एलबी निवडा. सेटअपमधून बाहेर या, डिस्क घाला, पुन्हा वर्तुळ मोजा.

पीएस निवडूनही पट्ट्या जात नाहीत असं काही डिस्कांच्या बाबतीत होतं. त्यात बिघाड नाही. चित्र कापायला परवानगी आहे की नाही हे डिस्क बनवणारा ठरवतो, आणि पुष्कळ डिस्कांवर ती दिलेलीच नसते.

व्हीसीडीचं प्रकरण वेगळं. तिच्यावर चित्रच ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं, आणि रुंद सिनेमा असेल तर काळ्या पट्ट्या चित्रातच छापलेल्या. प्लेअरमध्ये काहीही निवडलं तरी त्या जाणार नाहीत. सिनेमास्कोप चित्राला तिथे उंचीत दीडशे-पावणेदोनशे ठिपकेच मिळतात, म्हणून ते भुरकट दिसतं. रिमोटवरच्या झूमनं ते अजून भुरकट होतं. ते बटण राहू द्या.

चौथी पायरी: सेट-टॉप बॉक्स

केबल डिजिटल होताना, मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२ ला आणि पुणे, नागपूर, नाशिकसारख्या शहरांत ३१ मार्च २०१३ च्या मुदतीनं, लाखो डबा टीव्हींना पहिल्यांदा बॉक्स जोडला गेला. जोडणारा मुलगा घाईत असायचा. चित्र आलं, आवाज आला, की पुढचं घर. आकाराची सेटिंग बॉक्समध्ये जी आधीपासून होती तीच राहिली. त्यामुळे ही पायरी फार घरांत कामाला येते.

रिमोटवर मेन्यू, मग सेटिंग्ज, मग व्हिडिओ किंवा डिस्प्ले अशा ओळी शोधा. बहुतेक बॉक्समध्ये दोन वेगळ्या गोष्टी विचारलेल्या असतात आणि त्या एकच समजल्या जातात. एक, टीव्हीचा आकार काय. इथे ४:३ निवडायचं. दोन, न जुळणारं चित्र कसं दाखवायचं. इथे लेटरबॉक्स, पॅन-स्कॅन, फुल, ऑटो असे पर्याय येतात, त्यातलं लेटरबॉक्स घ्यायचं. पहिली सेटिंग १६:९ वर राहिली तर दुसरीचा काही उपयोग होत नाही. काही बॉक्सच्या रिमोटवर आकार बदलायचं थेट बटणही असतं. ते चुकून दाबलं जातं आणि मग ‘काल तर नीट होतं’ अशी तक्रार येते.

एचडी बॉक्स डबा टीव्हीला जोडता येतो, त्याच्या मागे चित्राच्या पिनेचं पिवळं छिद्र असेल तर. एचडी चॅनल नेहमीच १६:९ असतो, म्हणून तिथे पट्ट्या येणारच. एचडीचा बारकावा या टीव्हीवर दिसत नाही, कारण ५७६ रेषांपलीकडे तो जाऊच शकत नाही. त्यासाठी जास्तीचे पैसे भरू नका.

साध्या चॅनलवर वर्तुळ गोल आहे, पण चारही बाजूंना काळं दिसतंय? तर चॅनलनंच ४:३ चा कार्यक्रम १६:९ च्या चौकटीत घातला आहे आणि तुमच्या बॉक्सनं त्या चौकटीला वर-खाली पट्ट्या लावल्या आहेत. अशा वेळी, आणि फक्त अशाच वेळी, पॅन-स्कॅन लावा. डावी-उजवीकडचं काळं कापलं जाईल आणि मूळ चित्र काचभर येईल.

पाचवी पायरी: लॅपटॉप, स्टिक आणि कन्व्हर्टर

डबा टीव्हीला एचडीएमआयचं छिद्र नसतं, त्यामुळे मध्ये एक छोटी डबी लागते. दुकानात मागताना ‘एचडीएमआय टू एव्ही’ असं स्पष्ट सांगा. ‘एव्ही टू एचडीएमआय’ हुबेहूब तशीच दिसते आणि उलट काम करते, ती घेऊन आलात तर चित्र कधीच येणार नाही. डबीला यूएसबीतून वीज द्यावी लागते. तिच्या कडेला पाल (PAL, भारतातली टीव्ही पद्धत) आणि एनटीएससी (NTSC, अमेरिकेतली) अशी खटकी असेल तर ती पालवर ठेवा. चित्र काळं-पांढरं किंवा वरखाली सरकणारं दिसलं तर आधी ही खटकी बघायची, मग बाकी सगळं. पिवळी पिन चित्राची, पांढरी आणि लाल आवाजाची. टीव्हीला आवाजाचं एकच छिद्र असेल तर पांढरी लावा.

आता मुख्य अडचण. या स्वस्त डब्या पट्ट्या लावत नाहीत. आलेलं १६:९ चं चित्र सरळ दाबून टीव्हीला देतात. टीव्ही ते जसंच्या तसं पसरतो. म्हणजे आकार सुधारायचं काम कन्व्हर्टरच्या आधी, लॅपटॉपमध्येच करावं लागतं.

पहिला प्रयत्न लॅपटॉपच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये करा. बाहेरच्या पडद्यासाठी ८०० गुणिले ६०० किंवा १०२४ गुणिले ७६८ निवडता येतं का बघा, हे दोन्ही ४:३ चे आकार आहेत. डबीनं ते स्वीकारलं, तर लॅपटॉप स्वतःच सिनेमाला वरखाली पट्ट्या लावेल आणि सगळं जागेवर येईल.

ते जमलं नाही तर व्हीएलसी प्लेअर या व्हिडिओ बघायच्या प्रोग्रॅममध्ये एक युक्ती आहे. त्याच्या व्हिडिओ मेन्यूत आस्पेक्ट रेशो नावाची यादी असते. १६:९ चा व्हिडिओ बघताना तिथे २.३५:१ निवडा. लॅपटॉपवर चित्र आडवं ताणलेलं आणि बुटकं दिसेल, घाबरू नका, टीव्हीकडे बघा. डबी सगळ्या चित्राची रुंदी पाऊणपट करते, आणि २.३५ ची पाऊणपट १.७६ होते, म्हणजे जवळजवळ १६:९. दोन चुका एकमेकींना छेद देतात आणि काचेवर गोल वर्तुळ उमटतं. त्याच न्यायानं ४:३ ची जुनी मालिका बघताना १६:९ निवडा. १६:९ ची पाऊणपट बरोबर ४:३ येते आणि चित्र काठोकाठ बसतं. सिनेमास्कोप सिनेमा असेल आणि फाइलमध्येच वरखाली काळ्या पट्ट्या असतील, तर तोही १६:९ चा व्हिडिओ समजून २.३५:१ लावा.

टीव्हीला लावायच्या स्ट्रीमिंग स्टिकमध्ये एवढं स्वातंत्र्य मिळत नाही. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये ४:३ सापडलं तर उत्तम. नाहीतर पिवळं छिद्र असलेलं एखादं साधं मीडिया प्लेअर किंवा पेनड्राइव्ह घेणारा डीव्हीडी प्लेअर जास्त समाधान देतो, कारण त्यात ४:३ एलबी असतं.

टीव्हीच्या स्वतःच्या रिमोटवर १६:९ असेल तर

हा भाग मला सगळ्यात आवडतो. शेवटच्या काळातल्या काही सपाट काचेच्या ट्यूब टीव्हींवर, विशेषतः २९ इंचींवर, १६:९ नावाची सोय असते. ती चित्र कापत नाही आणि ताणतही नाही. ट्यूबमधला इलेक्ट्रॉनचा झोत वरपासून खालपर्यंत फिरतो, त्याचा उभा पल्ला ही सोय कमी करते. झोत मग काचेच्या मधल्या पट्ट्यातच फिरतो, पण ५७६ च्या ५७६ रेषा काढतो, फक्त एकमेकींच्या जास्त जवळ. म्हणजे पट्ट्यांवर एकही रेषा वाया जात नाही. चित्र तेवढंच लहान, पण ४३२ ऐवजी ५७६ रेषांचं. चांगल्या डीव्हीडीवर हा फरक लांबूनही कळतो, रेषांमधल्या फटी मिटतात आणि चेहऱ्यांना घट्टपणा येतो.

यासाठी मात्र वरचा सल्ला उलटा करायचा. आकाराचं काम आता टीव्ही करणार, म्हणून डीव्हीडी प्लेअरला १६:९ सांगायचं, दाबलेलं चित्र येऊ द्यायचं आणि मग टीव्हीवर १६:९ चालू करायचं. एचडीएमआयच्या डबीलाही हेच लागू पडतं, व्हीएलसीच्या युक्तीची गरजच उरत नाही. ४:३ चा कार्यक्रम लागला की ही सोय बंद करायची आठवण ठेवा, नाहीतर सगळे बुटके दिसतील.

ही सोय रिमोटवर नसेल तर कंपनीच्या गुप्त सर्व्हिस मेन्यूत जाऊन उंची कमी करायचा मोह होतो. नवख्यांनी त्यात शिरू नये. तिथला एक आकडा चुकला तर अख्खं चित्र जाऊ शकतं. आणि टीव्हीचं मागचं झाकण तर कधीच उघडू नका, बंद केल्यावरही नाही. ट्यूबला वीस हजार व्होल्टच्या वर दाब लागतो आणि तो प्लग काढल्यावरही बराच वेळ साठून राहू शकतो.

पट्ट्या आल्यावर करायच्या छोट्या दुरुस्त्या

पट्ट्या करड्या दिसत असतील तर खोलीतला दिवा मंद करा आणि ब्राइटनेस कमी करत जा. पट्टी काळी झाली की तिथेच थांबा. त्याहून खाली गेलात तर अंधारातल्या दृश्यांत केस आणि कोट एकच होतील. ब्राइटनेस बरोबर लावायला काळ्या पट्टीसारखी दुसरी सोय नाही.

पट्टी एका बाजूला कललेली वाटली तर टीव्हीच्या मेन्यूत टिल्ट किंवा रोटेशन शोधा. मोठ्या ट्यूबवर पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचाही परिणाम होतो, त्यामुळे टीव्हीची दिशा बदलली की चित्र किंचित फिरतं. काँट्रास्ट शंभरावर ठेवू नका. रोज तासन्‌तास, वर्षानुवर्षं भडक चित्र फक्त मधल्या भागात चाललं तर तिथला काचेच्या आतला उजेड देणारा लेप लवकर झिजतो आणि काचभर चित्र लावलं की पट्ट्यांचा ठसा दिसतो.

चारही कडांचा तीन ते पाच टक्के भाग ट्यूबच्या चौकटीमागे जातोच, टीव्ही तसेच बनवलेले असत. लेटरबॉक्समध्ये वरखालची कड वाचते, डावी-उजवी मात्र थोडी जाते. उपशीर्षकांची पहिली-शेवटची अक्षरं त्यामुळे कापली जात असतील तर व्हीएलसीत अक्षरांचा आकार कमी करा म्हणजे ओळ आखूड होते, किंवा उपशीर्षकं खालच्या काळ्या पट्टीत सरकवा.

जुन्या मालिका पाहताना

दूरदर्शनच्या १९८० आणि ९० च्या दशकांतल्या मालिका ४:३ मध्येच चित्रित झाल्या होत्या. डबा टीव्ही हीच त्यांची खरी जागा आहे, तिथे त्या काचभर आणि पूर्ण दिसायला हव्यात. पण इंटरनेटवर त्यांच्या दोन प्रकारच्या प्रती सापडतात. एकीत डावी-उजवीकडे काळं असतं. ती उत्तम. चॅनलवर मालिका अशी लागली तर वर सांगितल्याप्रमाणे बॉक्समध्ये पॅन-स्कॅन लावा. व्हीएलसीत फाइलच अशी असेल तर क्रॉप या यादीतून ४:३ निवडा म्हणजे बाजूचं काळं निघेल, आणि मध्ये डबी असेल तर जोडीला आस्पेक्ट रेशो १६:९. दुसरी प्रत ‘पूर्ण पडदा’ करण्याच्या नादात वरून आणि खालून कापलेली असते. तिच्यात चित्राच्या उंचीचा चौथा हिस्सा कायमचा गेलेला असतो आणि कुठल्याही बटणानं तो परत येत नाही. ओळखायची खूण सोपी: जवळून घेतलेल्या दृश्यांत कपाळं आणि हनुवट्या सतत कापलेल्या दिसतात, आणि सुरुवातीच्या श्रेयनामावलीतली वरची किंवा खालची ओळ अर्धी असते. अशी प्रत हाती आली तर तीच मालिका बाजूला काळं असलेल्या आकारात कुणी ठेवली आहे का ते शोधा. ती थोडी अस्पष्ट असली तरी चालेल, डबा टीव्हीवर तीच घ्या.